दुसऱ्या घरचं बी

पनवेलला मुद्दाम कोणी जात नाही. मुंबईला जाताना तिथं गाडी बदलतात, कोकणात जाताना तिथं वडापाव खातात आणि पुढं जातात. त्यामुळं मी पनवेलला पाच-सहा दिवस राहून आले म्हटल्यावर गावात सगळ्यांनी एकच विचारलं, तिथं बघायला काय आहे? मी म्हटलं, गहू. शेजारचे अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. कृष्णाकाठची बाई गहू शोधायला भाताच्या मुलखात जाते, हे त्यांच्या पचनी पडेना. खरं तर ते माझ्याही पचनी पडत नव्हतं, पण मला हसू येत नव्हतं.

मी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरच्या दोन एकरांत खपली गहू करायला लागले. खपली म्हणजे जुना, लांबट, तांबूस गहू. मळणी झाली तरी त्याचा दाणा तुसातच राहतो. खायचा तर भातासारखा सडून घ्यावा लागतो आणि पेरायचा तर तुसासकट पेरावा लागतो, कारण सडताना दाण्याचं टोक दुखावतं आणि मग तो नीट उगवत नाही. आमच्या घरच्या खपलीचं कुसळ तांबडं. सासूबाई सांगायच्या, हे बी त्यांच्या सासूनं माहेराहून आणलेलं. आता आजूबाजूला सगळा ऊस. सरकारी बियाण्याची खपली मिळते, ती उंचीला बुटकी आणि उत्पन्नाला चांगली, पण ती आमची नव्हे.

सासूबाईंचा एक नियम होता. बी एका घरात ठेवायचं नाही. अर्धं आपल्या घरी, अर्धं दुसऱ्याच्या. एका घराला आग लागली, पाणी शिरलं, तरी दुसरं राहतं. मी हा नियम नेमानं पाळला आणि गेल्या उन्हाळ्यात मोडला. शहरात खपलीचं एकदम वेड आलं. साखरेवर चांगला, पचायला हलका, असं कोणी कोणी सांगायला लागलं. नवीन पनवेलला राहणारी माझी मावसबहीण सुनंदा फोनवर म्हणाली, "अक्का, माझ्या ओळखीच्या सगळ्यांना हवाय. जेवढा असेल तेवढा पाठव." मी अण्णांच्या घरी ठेवलेलं बीसुद्धा उचललं, सडलं आणि पाठवून दिलं. म्हटलं, आपल्या घरातलं अर्धं आहे ना पेरायला.

दिवाळीच्या तोंडावर तीन दिवस पाऊस झाला. कोठीचा पत्रा एका कोपऱ्यात गळत होता, ते मला चौथ्या दिवशी वासावरून कळलं. पोत्यात हात घातला तर आत ऊब होती. गहू तिथंच मोड येऊन काळा पडला होता. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथं दोन्ही कामं मीच केली होती.

देवदिवाळीच्या आसपास पेरणी झाली पाहिजे. रान तयार होतं, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जेमतेम दहा-बारा दिवस टिकला असता. पाठवताना घाईत एखादं पोतं सडायचं राहून तसंच गेलं असेल, या आशेवर मी सुनंदाला फोन केला, कुणाकडं तुसाचा गहू राहिला असेल का विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच पिशवी भरायला घेतली.

करंजाडे, पहिला दिवस

सुनंदाकडं यादी होती. अकरा घरं. "मी कॉल करते ना सगळ्यांना, तू कशाला धावतेस?" ती म्हणाली. पण फोनवर लोक "हो, आहे ना थोडा" म्हणतात आणि तो सडलेला की तुसाचा हे त्यांना कळत नाही. मी स्वतः निघाले. आणि पहिल्याच तासात स्वतःची शोभा करून घेतली. यादीत सेक्टर पाच लिहिलेलं. मी नवीन पनवेलच्या सेक्टर पाचात तीन इमारती पालथ्या घातल्या, दोन रखवालदारांशी वाद घातला, तेव्हा कळलं की सेक्टर पाच करंजाड्यालाही असतो आणि मला तोच हवा होता. आमच्या गावात दोन मारुती आहेत, पण एकाला दक्षिणमुखी म्हणतात म्हणून चुकत नाही.

करंजाड्याच्या पहिल्या घरात गहू होता, फ्रीजमध्ये. प्लास्टिकच्या डब्यात, वर तारखेची चिठ्ठी. त्या घरची सून फार सुस्वभावी. म्हणाली, "काकू, किडे होतात ना, म्हणून मी सगळंच फ्रीजमध्ये ठेवते." डबा उघडला. पांढरे स्वच्छ दाणे, सडलेले. दुसऱ्या घरी पीठ करून झालं होतं. तिसऱ्या घरी त्याची खीर झाली होती आणि मला खायला आग्रह झाला. खीर सुरेख होती. एकेक चमचा घशाखाली जात होता आणि मला वाटत होतं, मी माझं बी खाते आहे. मी वाटी संपवली, कारण अन्न टाकत नाहीत, पण डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईंना वाटलं, गोड जास्त झालं.

संध्याकाळपर्यंत आठ घरं झाली. आठही ठिकाणी तेच. उरलेल्या तिघींनी फोनवरच सांगितलं, गहू संपला.

बाजार, दुसरा दिवस

सकाळी जुन्या पनवेलच्या बाजारात गेले. एखाद्या धान्याच्या दुकानात खपली तुसासकट असेल अशी वेडी आशा. एक मोठं दुकान होतं, पोत्यांची तोंडं उघडी मांडलेली, त्यात पाट्या खोचलेल्या. लोकवन, शरबती, सिहोर, आणखी दोन नावं. दुकानाचे मालक चष्म्यावरून बघणारे, सत्तरीचे. मी हातात दाणे घेऊन दाताखाली फोडले. त्यांनी लगेच ओळखलं.

"शेतकरी दिसता बाई. शहरातला माणूस गहू डोळ्यांनी बघतो, दातानं नाही."

मी विचारलं, इथं एवढा गहू येतो कुठून? त्यांनी हातातली पावती बाजूला ठेवली. "या पनवेलात गव्हाचं एक रोप उगवत नाही. माझे वडील दुकान चालवायचे तेव्हा इथली माणसं तांदळाची भाकरी खायची. गहू सणाला, पुरणपोळीपुरता. आता बघा. सकाळी पाव, दुपारी डब्यात चपाती, संध्याकाळी पोरांना मैद्याचं काहीतरी. सगळं मध्य प्रदेशातनं, पंजाबातनं. तिकडं कापणीला पाऊस लागला की चार दिवसांत इथं भाव हलतो. तिकडच्या मंडईत संप झाला की माझं पोतं अडकतं. लोकांना वाटतं, पीठ गिरणीत तयार होतं."

मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी मान हलवली. "खपली आहे, पॅकेटात. सडलेली, पॉलिश केलेली. तुसासकट कोण घेणार हो? शहरात फोलपटाला गिऱ्हाईक नाही."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. त्याचा काही दोष नव्हता. राग माझाच होता, पण स्वतःवर रागावून भर बाजारात काय करणार? परतीच्या रस्त्यावर धान्याचे ट्रक उभे होते, ताडपत्री घट्ट आवळलेले. एवढा गहू नजरेसमोर आणि त्यातला एकही दाणा माझ्या कामाचा नाही. यातला एखादा ट्रक अडकला असता तर गहू दुसरीकडून आला असता. माझ्या बियाला दुसरीकडं असं काही उरलंच नव्हतं.

घरी आले तर सुनंदाचे यजमान जेवायला बसले होते. माणूस मोजकं बोलणारा. मी पोत्याची कर्मकहाणी सांगत होते आणि ते आमटी भुरकत म्हणाले, "ती कोन गावची हिराताई तर सडायच्या आधीचाच गहू घेऊन गेली होती."

सुनंदा वाढता वाढता थांबली. "कधी? यादीत नाहीये ती."

"तू ऑफिसला होतीस. टेम्पोतून पोती उतरवताना एक पोतं तुसाचंच निघालं, चुकून आलेलं. मी परत पाठवणार होतो. हिराताई भाजी द्यायला आली होती. म्हणाली, आमाला चालंल, आमी भाताच्या गिरनीत भरडून घेऊ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ताटावरून उठले. सुनंदानं हिराताईंना चार वेळा फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

कोन

कोन हे द्रुतगती रस्त्याच्या कडेचं गाव. एका बाजूला गोदामं आणि उंच इमारती, दुसऱ्या बाजूला अजून भाताची थोडी खाचरं, नुकती कापलेली. हिराताईंचं घर नवं, दुमजली, टाइल्सचं, पण ओटा जुन्या पद्धतीचा. ओट्यावर त्यांचे यजमान दामूकाका बसले होते. पूर्वी मिठागरात काम केलेले, पायांच्या टाचा अजून भेगाळलेल्या. मी कोण, कशाला आले, सांगितलं.

"गहू व्हय? हाय ना. नाय, व्हता," ते म्हणाले. "माझ्या साखरेसाठी डाक्टरनं सांगितलंय, त्योच खातंय मी. दर महिन्याला थोरा थोरा भरडून आनतात. आज पोरगा म्हनला, सगलाच भरडून टाकू एकदाचा. सकालीच गिरनीत नेलाय."

"कुठली गिरणी?"

"सलीमभाईची. पुलाच्या पल्यार, त्या बाजूला." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय झालं गो बाय?"

उत्तर द्यायला मी थांबले नाही. रिक्षा नव्हती. साठीच्या बाईनं भर दुपारी साडी वर खोचून धावणं शोभत नाही हे मला माहीत आहे. मी धावले. मागून दामूकाका कुणाला तरी हाका मारत होते.

नव्या भाताचे दिवस, गिरणीसमोर पोत्यांची रांग. आत तुसाची धूळ आणि पट्ट्याचा आवाज इतका की माझा आवाज मलाच ऐकू येईना. यंत्राच्या वरच्या चाड्यात, म्हणजे धान्य ओतायच्या नरसाळ्यात, एक पोतं अर्धं रिकामं झालेलं, आणि खालून दोन धारा पडत होत्या. एकीकडं तूस, एकीकडं दाणे. तूस तांबडं होतं. आमच्या घराच्या कुसळाचा तो रंग मी कुठंही ओळखला असता.

मी ओरडले. यंत्राजवळच्या माणसानं, म्हणजे सलीमभाईंनी, मागं वळून पाहिलं नाही. चाड्याच्या खाली एक पत्र्याची झडप असते, ती ढकलली की धान्य पडायचं थांबतं. गावच्या गिरणीत लहानपणापासून बघितलेलं. मी पुढं झाले आणि हात घातला. झडप अडकली होती. मी जोर लावला, हात सटकला आणि पट्ट्याच्या बाजूला गेला. बांगडी कशाला तरी घासून तुटली. तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरून मागं ओढलं आणि यंत्र बंद झालं.

एकदम शांतता झाली. सलीमभाई पांढरेफटक पडले होते.

"ताई, होश आहे का? हात गेला असता. या पट्ट्यानं एकाची बोटं नेलीत, माझ्या वडिलांच्या वक्ताला." त्यांनी माझा हात उलटा करून बघितला. "गव्हासाठी कोणी जान देतं का?"

माझ्या मनगटातून रक्त येत होतं, थोडंसंच. मी म्हटलं, "चुकलं माझं. पण पोत्यात किती राहिलंय ते आधी सांगा."

 सलीमभाईंनी चाड्यातला गहू हातानं परत पोत्यात काढला आणि पोतं काट्यावर ठेवलं. चौदा किलो.

हिराताई तेवढ्यात आल्या, शेतातून तशाच, पायाला चिखल. उंच, सावळ्या, नाकात मोठी नथनी. त्यांनी माझं मनगट बघितलं, पोतं बघितलं आणि मला म्हणाल्या, "चल घरी. आधी हात धू."

ओलं गोणपाट

चौदा किलो मिळाले म्हणजे काम झालं असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं. पण गहू आठ महिने खाडीच्या दमट हवेत होता. जिवंत आहे की नाही हे कोण सांगणार? मेलेलं बी पेरलं तर वाफसा जाईल, वर्ष जाईल आणि मग पुढं काहीच नाही. आमच्याकडं पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळतात आणि चार दिवसांनी किती दाण्यांना मोड आले ते बघतात. माझ्याकडं चार दिवस जेमतेम होते.

"हितंच भिजव," हिराताई म्हणाल्या. "माझ्या कनगीत व्हतं, हितलं पानी त्याला ठाव हाय."

मी ओसरीवर शंभर दाणे मांडले. त्या शेजारी बसल्या. त्यांनी दाणा नखावर घेऊन तूस सोललं. "मी पोराला दर येलेला सांगतंय, समदं भरडू नको. तूस हाय तवर दाना जित्ता ऱ्हातं. भाताचं बी तसंच. पन पोरांना घाई."

मी विचारलं, तुमचं भाताचं बी घरचंच का?

गोणपाटाची गुंडाळी त्यांनी सुतळीनं बांधली. "व्हतं. लाल दान्याचं. आमी निम्मं माझ्या नंदेच्या घरात ठेवायचो, निम्मं आमच्याकरं. बी एका घरात ठेवीत नाय. मंग जमिनी गेल्या, तिकरं इमारती झाल्या. आमच्याकरंचं एक साल पेरलं, उगवलं नाय. नंदेकरं गेलो तर ती म्हनली, आता पेरायला शेत कुठं हाय, म्हनून आमी शिजवून खाल्लं." त्या उठल्या. "आता पाकिटातलं पेरतंय. तांदूल व्हतंय, पन त्यो नाय."

मला माझ्या सासूबाईंचा नियम फक्त आमच्याच घराण्याचा वाटत होता. इथं मिठागराच्या काठी तोच नियम होता, आणि तो मोडल्याची शिक्षाही तीच.

पुढचे दिवस मी रोज सकाळी सुनंदाकडून कोनला येत होते. दामूकाकांना भरडलेल्या गव्हाच्या चपात्या वाढल्या जायच्या आणि मला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. ती भाकरी पाण्यानं थापतात, कोरडं पीठ लावत नाहीत, आणि इतकी पातळ की माझ्या ज्वारीच्या हाताला जमेना. माझी तव्यावर मोडली. हिराताई पहिल्यांदा तेव्हा हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी चोरून गोणपाट उघडलं. काही नाही. शंभर दाणे जसेच्या तसे. तिसऱ्या दिवशी दोन दाण्यांना पांढरा ठिपका आणि एकाला बुरशी. मी गावाकडं पेरणीवाल्याला फोन केला, तो म्हणाला, बाई, रान वाळायला लागलं, काय ते ठरवा. त्या संध्याकाळी मला सुनंदाच्या स्वयंपाकघरात रडू आलं. ती म्हणाली, "अक्का, अगं दुसरं बियाणं मिळतं ना?" मी तिच्यावर ओरडले. तिनं काहीच वाईट सांगितलं नव्हतं. नंतर मी माफी मागितली.

चौथ्या दिवशी पोचले तेव्हा गोणपाट जागेवर नव्हतं. मी सगळी ओसरी पालथी घातली. हिराताईंनी ते चुलीच्या मागच्या उबेच्या कोनाड्यात ठेवलं होतं. "तुमचा मुलूख सुका. हितं सकालची थंडी ओली असतं, दाना गारठतं," त्या म्हणाल्या. "आमी भाताला पन ऊब देतो. काल तू गेलीस तवा ठेवलं."

मी म्हटलं, न विचारता कशाला हात लावलात? शिजलं असतं तर? हे मी ज्या बाईच्या घरी जेवत होते तिला म्हटलं. त्यांनी सुतळी सोडली.

गोणपाट उलगडलं. पांढऱ्या मुळ्या सुताला धरून बसल्या होत्या, सुटता सुटेनात. मी मोजायला लागले आणि चाळीस दाणे झाल्यावर मला नीट दिसेना, तेव्हा त्यांनी मोजलं. शंभरात सदुसष्ट.

चांगल्या बियाण्याला हे कमी आहे. मला ते खूप झालं.

मी पोतं बांधायला घेतलं तशी हिराताईंकडं बघायची लाज वाटली. तो गहू त्यांचा होता, त्यांनी विकत घेतलेला. मी पैशाची गोष्ट काढली तर त्यांनी हात झटकला. "भरडलेला हाय ना म्हाताऱ्याला. ने तू समदा."

समदा. एवढं सगळं झाल्यावरही माझा हात एकदा पोत्याच्या गाठीवर गेलाच, खोटं का सांगू. चौदा किलो म्हणजे दहा-बारा गुंठे, म्हणजे पुढच्या वर्षी दोन्ही एकरांचं बी. सात किलो म्हणजे पाच गुंठे आणि आणखी एका वर्षाची वाट. मग मी गाठ सोडली आणि त्यांच्याच सुपानं गहू दोन भागांत केला. एक भाग माझ्या पिशवीत. दुसरा मी त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हा खायचा नाही," मी म्हटलं.

त्या आत गेल्या, एक जुनं धुतलेलं लुगडं आणलं, त्यात गहू बांधला आणि रिकाम्या कणगीच्या तळाशी ठेवून वर झाकण घातलं. त्यांच्या लाल भाताची कणगी. मग मुलाला हाक मारून त्याला कणगी दाखवली आणि एवढंच म्हणाल्या, "ह्याला हात लावायचा नाय."

घरी

पाच गुंठे पेरले. विरळ उगवलं, पण कुसळ तांबडं आलं. बाकीच्या रानात अण्णांच्या सल्ल्यानं हरभरा टाकला. तुटलेल्या बांगडीची जागा अजून रिकामी आहे आणि मनगटावर बारीक वण आहे.

काल दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. गहू दाण्यात भरलेला, आणखी पंधरा दिवसांत काढायचा. अशा वेळी गार पडली की सगळं भुईसपाट होतं. अण्णा कुंपणावरून म्हणाले, "बाई, ताडपत्री?" पाच गुंठ्यांना कुठली ताडपत्री पुरणार? मी कोनला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"हिराताई, गहू आहे ना?"

"हाय," त्या म्हणाल्या. "सकालीच झाकन उघरून बघितला. तुझ्याकरं काय झालं?"

"पाऊस येतोय."

"येव दे," त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवला, दारात पाट घेतला आणि बसले. पहिले टपोरे थेंब कुसळांवर पडले, तरी मी जागची उठले नाही.